उन्हाळ्यातलं शेवाळ

माणसाचा राग किती दिवस ताजा राहतो असं कुणी विचारलं, तर मी सांगेन की भाद्रपदापासून वैशाखापर्यंत तर नक्की राहतो. मी ठेवून बघितलाय.

मी बार्शीला ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. आठवडाभर तिथं खोली करून राहायचं आणि शनिवारी एसटीनं सोलापूरला आबांकडे यायचं, असं माझं चाललेलं असतं. आबा म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. आई गेल्यापासून घरात एकटेच. आमची कॉलनी लहान, एका रांगेत आठ घरं आणि आठ घरांत मिळून एक हौद. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी माणसं सख्ख्या भावाच्या साखरपुड्यालासुद्धा उशिरा पोचतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आलेलं पाणी हौदात साठवायचं आणि मग व्हॉल्व्ह उघडून एकेका घराला सोडायचं. व्हॉल्व्ह उघडायची ती लांब दांड्याची लोखंडी चावी आबांकडे असायची. कॉलनीनंच ती त्यांच्याकडे दिली होती, कारण आबा घड्याळ लावून पाणी सोडायचे, आणि स्वतःच्या घराचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवायचे.

आबांचं आणि पाण्याचं काय होतं तेही सांगून टाकते. आम्ही बौद्ध. आबांचं लहानपण सांगोल्याकडच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत गेलं. गावच्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायचा नव्हता. आबांची आई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. एखाद्या बाईला दया आली, तर ती हात उंच धरून, आपलं भांडं हिच्या घागरीला लागणार नाही अशा बेतानं वरून पाणी ओतायची. अर्धं घागरीत, अर्धं मातीत. आबा तेव्हा आईच्या पदराला धरून उभे असायचे. हे त्यांनी मला जन्मात एकदाच सांगितलं आणि लगेच उठून बाहेर गेले. त्या माणसाच्या हातात आठ घरांच्या पाण्याची चावी होती. ती ते तेल लावून, पुसून दाराआड उभी करून ठेवायचे.

भाद्रपदात ती चावी त्यांच्याकडून काढून घेतली.

झालं असं की पावसाळा असूनही हौद पुरेना. सहा घरं होईपर्यंत पाण्याचा जोर जायचा. सातवं घर अक्काचं. अक्का म्हणजे विणकरांच्या घरातली तेलुगू बाई, तोंडानं फटकळ. आठवं घर आमचं. अक्काला दोन बादल्या, आम्हाला एक, असं व्हायला लागलं. अक्कानं आरडाओरडा केला आणि सेक्रेटरीनं मीटिंग बोलावली. सेक्रेटरीचं घर पहिलं, हौदाला अगदी लागून. नव्या पेठेत कापडाचं दुकान. बोलणं असं गोड की गिऱ्हाइकानं एक साडी मागावी आणि चार घेऊन जावं. मी तेव्हा बार्शीला होते. शनिवारी आले तेव्हा चावी दाराआड नव्हती आणि आबा काही सांगेनात. शेवटी अक्काकडून कळलं.

सेक्रेटरी म्हणाला होता, "पाणी मिळत नाही म्हणतात, मग यांच्या भिंतीला शेवाळ कुठनं आलं? चला, बघा सगळे." आणि सगळे गेले होते बघायला. आमच्या कंपाउंडची भिंत काळ्या दगडाची. तिच्यावर ठिकठिकाणी राखाडी-हिरवट ठिपके आहेत, मी लहान असल्यापासून आहेत. त्या दिवशी पावसाची भुरभुर झालेली, ठिपके हिरवे दिसत होते. सेक्रेटरी म्हणाला, "शेवटी पाणी घेतो म्हणजे उरलेलं सगळं घेतो, असा हिशेब आहे हा. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. या लोकांना नळाचं पाणी कालपरवा मिळायला लागलंय, हात सैल सुटणारच."

या लोकांना! बेचाळीस अंशांच्या उन्हात गाड्यांच्या खाली झोपून नट आवळण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला हे ऐकवलं. आणि आठ घरांतलं एक माणूस बोललं नाही. आबा घरात गेले, चावी घेऊन आले आणि सेक्रेटरीच्या पायाशी ठेवून परत आले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या कशा असतात हे मला पुढं कळलं. तेव्हा नुसती कानशिलं तापली.

रविवारी सकाळी मी पर्समधलं भिंग काढलं आणि भिंतीपाशी जाऊन बसले. बघायचीसुद्धा गरज नव्हती खरं तर. ते शेवाळ नव्हतंच. ते दगडफूल होतं. काळ्या मसाल्यात बायका जे दगडफूल घालतात त्याचंच भाऊबंद, फक्त डोंगरातल्यासारखं पापुद्र्यांनी सुटलेलं नाही, खपलीसारखं दगडाला बसलेलं. दगडफूल हे एक झाड नव्हेच, दोघांचा संसार आहे तो. बुरशीनं घर बांधायचं आणि तिच्या आत राहणाऱ्या हिरव्या बारीक जीवानं उन्हावर स्वयंपाक करायचा. त्याला नळ लागत नाही, हौद लागत नाही. दव मिळालं तर प्यायचं, नाही मिळालं तर महिनेच्या महिने राखाडी होऊन गप पडून राहायचं. शेवाळाचं तसं नाही. भिंतीवरचं शेवाळ, म्हणजे आमच्या पुस्तकातलं मॉस, ही खरी वनस्पती आहे. बोटाच्या पेराइतकी उंच नसेल, पण भिंगातून बघा, खोड आहे, पानं आहेत. मऊ गादी असते. बोटानं उचकटलं की मातीसकट हातात येतं, दाबलं की पाणी गळतं. दगडफूल नखानं काढायला जा, नख निघेल, दगडफूल निघणार नाही.

एवढं मी सेक्रेटरीच्या दारात उभी राहून सांगितलं. त्यानं चहा विचारला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. पण हिरवं ते शेवाळ, एवढं बालवाडीतलं पोरगंसुद्धा सांगेल की. आणि नाव काहीही द्या, पाण्याशिवाय काय उगवतंय का सोलापुरात?"

त्याचं हे शेवटचं वाक्य मी जपून ठेवलं.

घरी आले तर आबा भिंतीपाशी. हातात तारेचा ब्रश. घासत होते. डेपोत गंजलेले पार्ट घासायचे तसे, दातओठ खाऊन. दगडाचा कीस पडत होता, बोटांची सालं निघाली होती, आणि ठिपके जिथल्या तिथं होते. मी ब्रश ओढून घेतला.

"आबा, ते निघत नसतं. आणि ते शेवाळ न्हवं."

"मला म्हाईत हाय शेवाळ न्हाय ते," आबा म्हणाले. "पर लोकास्नी दिसतंय न्हवं?"

त्यानंतर आबा कट्ट्यावर जायचे बंद झाले. आमच्याकडे कडुनिंबाखाली कट्टा आहे, संध्याकाळी म्हातारे तिथं बसतात. आबा आत खुर्चीत बसायला लागले. अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचे. नळ बंद केला तरी उठून पुन्हा आवळायचे, इतका की दर महिन्याला मी बार्शीहून वायसर घेऊन यायचे, कारण आवळून आवळून ते फाटायचे. आमच्या घरातून एक थेंब वाया जात नाही हे ते कुणाला दाखवत होते कोण जाणे. घरात बघायला मी एकटी होते, तीही रविवारपुरती.

मी त्याला काय काय केलं असतं म्हणून सांगू! त्याच्या दुकानातल्या एकेका साडीला कात्री लावायची स्वप्नं मी जागेपणी बघितली आहेत. वर्गात पोरांना शेवाळाचं जीवनचक्र शिकवताना फळ्यावर त्याचं तोंड दिसायचं.

दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर कपडे वाळत घालताना मी सहज मागच्या बोळात वाकून बघितलं. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते. बोळातल्या सगळ्या भिंतींवरचं शेवाळ करपून काळं पडलं होतं. फक्त एका घराच्या मागच्या भिंतीला, अगदी तळाशी, हातभर पट्टा पोपटी हिरवा होता. पहिलं घर. मी चप्पल घालून खाली गेले, बोळात शिरले आणि भिंग लावलं. खरं शेवाळ. खोड, पानं, वर केसासारखे उभे दांडे आणि दांड्यांच्या टोकाला बारीक बोंडं. अगदी माझ्या पुस्तकातली आकृती. बोटानं दाबलं तर बोट ओलं झालं.

कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण उगाच म्हणत असतो. मला ते कुठं मुरतंय ते सापडलं होतं. बच्चमजी, म्हटलं, आता थांब.

तेव्हाच बोंब मारली असती तर तो म्हणाला असता, पावसाळ्याची ओल आहे. म्हणून मी संक्रांतीपर्यंत थांबले. संक्रांतीला त्याच्या घरी गेले, त्याच्या हातून तिळगूळ घेतला, त्यानं "गोड बोला" म्हटलं, मी "तुम्हीही" म्हटलं, आणि निघताना मागच्या बाजूनं निघाले. हिरवं होतं. पण म्हणाला असता, थंडीचं दव आहे. शिमग्यापर्यंत थांबले. तेव्हाही हिरवं. आता म्हटलं वैशाख येऊ दे. सोलापूरच्या वैशाखात डांबर चपलेला चिकटतं, चिमण्या सावली शोधतात. वैशाखात शेवाळ दाखवलं तर हा कुठल्या ढगाचं नाव घेतो ते बघू.

आबांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्याला एकट्याला गाठून समजावून आले असते, आणि त्यानं दुसऱ्या दिवशी जॉइंट बदलून टाकला असता. मला तो एकट्यात नको होता. मला तो आठ घरांच्या देखत हवा होता.

वैशाखात पाणी आणखी लांबलं आणि अक्कानं पुन्हा तोंड सोडलं. मीटिंग ठरली. सुट्टी होती, मी घरीच होते. ऊन उतरल्यावर कट्ट्यावर सगळे जमले. आबा यायला तयार नव्हते. मी म्हटलं, माझ्यासाठी चला. ते आले आणि कडेला उभे राहिले, कुणी बसा म्हटलं नाही.

सेक्रेटरीनं सुरुवात केली, पाणी जपून वापरा वगैरे. मी उठले. म्हटलं, "भाद्रपदात तुम्ही आमच्या भिंतीवरचं शेवाळ दाखवलं होतं. आज परत दाखवा."

सगळे आमच्या भिंतीशी आले. ठिपके राखाडी, कोरडे ठणठणीत. "कुठाय हो शेवाळ?" मी विचारलं. तो म्हणाला, "वाळलं असेल." म्हटलं, बरं. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन मी एका ठिपक्यावर शिंपडलं. बघता बघता राखाडी ठिपका हिरवा झाला. पोरं ओरडली. म्हटलं, "एवढ्या थेंबावर हे हिरवं होतं, आणि वाळलं की परत राखाडी. त्या दिवशी पावसाची भुरभुर होती. अक्का, तुमच्या गच्चीवर आता मसाल्याचं सामान वाळत घातलंय ना? त्यातलं दगडफूल आणा."

अक्का पदर खोचून गेली आणि मूठभर दगडफूल घेऊन आली. त्याच्यावरही पाणी शिंपडलं. तेही हिरवट झालं. अक्कानं एकदा हाताकडे बघितलं, एकदा भिंतीकडे, आणि मग आबांकडे बघून मान खाली घातली. तिलाही मी माफ केलेलं नव्हतं. पण तिचा नंबर नंतर.

"आता खरं शेवाळ दाखवते," म्हटलं, "चला बोळात."

सेक्रेटरीचा चेहरा तिथंच उतरला. मी तो अगदी सावकाश बघितला. मला घाई नव्हती, इतके महिने वाट बघितली होती. "बोळात काय आहे, घाण आहे नुसती," तो म्हणाला. तोपर्यंत अक्का सगळ्यांच्या पुढं बोळात शिरली होती.

दोन्ही बाजूंच्या भिंती करपलेल्या आणि त्याच्या भिंतीच्या तळाशी हिरवीगार गादी. "बोट लावा," मी त्याला म्हटलं. तो हलेना. "तुम्हीच म्हणाला होतात, पाण्याशिवाय काय उगवतंय का सोलापुरात? लावा बोट." त्यानं लावलं नाही. अक्कानं लावलं, आणि पाण्याचा ओघळ तिच्या मनगटापर्यंत आला. कुणीतरी पहार आणली. दोन फरश्या उचकटल्या तर खाली पाइप. हौदाच्या तळातून निघून सरळ त्याच्या घरच्या टाकीत. मधला जॉइंट ठिबकत होता. पाण्याच्या दिवशी हौद भरायला लागला की याची टाकी आधी भरायची.

"प्लंबरनं चुकून जोडलं असेल," तो म्हणाला. अक्का तेलुगूत जे काही बोलली ते मला समजलं नाही, पण मजा फार आली.

पाइप तिथंच तोडला. सगळ्यांनी मिळून ठरवलं की महिनाभर त्याच्या घराचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, काय ते त्यानं टँकरचं बघावं. चावी त्याच्या घरातून अक्कानं स्वतः आणली. तिला गंज चढला होता. अक्कानं ती पदरानं पुसली आणि आबांच्या हातात दिली. "अण्णा, माझं चुकलं," ती म्हणाली. सेक्रेटरी मात्र आबांना काही बोलला नाही. प्लंबरला शिव्या देत घरात गेला. माझं समाधान झालं नव्हतं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी आबा चावी घेऊन हौदावर गेले होते. मी आमच्या मागच्या अंगणात पाइपनं बॅरल भरत होते. अंगणाच्या बोळाकडच्या दारात सेक्रेटरी उभा. हातात स्टीलची घागर. टँकरवाले वैशाखात कुणाला दाद देतात? प्यायला जार मिळतात, पण जारनं घर चालत नाही. फाटकातून येताना लोकांनी बघितलं असतं म्हणून हा बोळातून आला होता.

"ताई, एक घागर मिळेल का?"

मी म्हटलं, "मिळेल की. तिथंच थांबा. पायरीच्या खाली. घागर खाली ठेवा आणि मागं सरका."

त्यानं ठेवली. मी पाइप घेऊन पायरीवर उभी राहिले आणि हात जितका वर जाईल तितका वर नेला. पाणी खाली पडायला लागलं. अर्धं घागरीत, अर्धं फरशीवर, त्याच्या विजारीवर, चपलांवर. तो अंग चोरून उभा होता. मला इतका आनंद झाला होता की मी हसत होते. लपवत कशाला? त्या आनंदासाठीच तर मी इतके महिने राग राखला होता.

"पाइप खाली घे."

आबा परत आले होते. माझ्या मागं घराच्या दारात उभे होते, हातात चावी.

"आबा, हा माणूस कोण हाय..."

"मला म्हाईत हाय त्यो कोन हाय ते. पाइप खाली घे. काठाला लाव."

मी हात तसाच ठेवला. आबा पुढं आले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "हिरीवरनं आयच्या घागरीत पानी वतनारी बाई अशीच हसायची. मी तिचं तोंड इसरलो न्हाय अजून. तुजं तोंड तसं करू नगंस, बाई."

मी पाइप खाली घेतला. घागरीच्या काठाला टेकवला. माझे कान लाल झाले होते आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते मी त्या माणसाला दिसू दिलं नाही. घागर भरली. तो वाकला, उचलली आणि बोळाकडे वळला.

"सेक्रेटरीसाहेब," आबा म्हणाले. आवाज अगदी साधा. "उद्याबी या. म्हैनाभर रोज या, न्हाय म्हननार न्हाय. पर ह्या बोळातनं न्हाय. फुडच्या फाटकातनं यायचं."

तो बोळातून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी आला, पुढच्या फाटकातून. त्याच्या पुढच्या दिवशीही आला. संध्याकाळी, कट्टा भरलेला असायचा त्याच वेळी, कारण बॅरलचं झाकण आबा त्याच वेळी उघडायचे. कट्ट्यावर आता आबाही बसायला लागले होते, मधल्या जागेवर. घागर मीच भरायची, बॅरलला पाइप लावून, पाइप काठाला टेकवून. एक थेंब कमी द्यायचा नाही, काठोकाठ भरून द्यायची, असं आबांनी मला बजावलं होतं. आमच्या फाटकापासून त्याच्या दारापर्यंत मधे सहा घरं लागतात, आणि काठोकाठ भरलेली घागर लई जड असते.